संधिवाताची औषधे चालू असताना ताप आला तर काय थांबवावे आणि काय कधीच थांबवू नये?

माणगंगा :

नमस्कार. माझ्या आईला अकरा वर्षांपासून आमवात आहे. डॉक्टरांच्या कागदांवर त्याचे नाव रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असे असते. तिचे वय ६४. दर रविवारी रात्री मिथोट्रेक्झेटच्या अडीच मिलिग्रॅमच्या सहा पिवळ्या गोळ्या, इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिड आणि रोज सकाळी न्याहारीनंतर साडेसात मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, असा तिचा क्रम आहे. सात कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा ती स्वतः भरते आणि बोटे वाकडी झाली असली तरी त्या कामाला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

गेल्या जुलैत तिला थंडी वाजून ताप आला आणि लघवीला जळजळ होऊ लागली. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेले होते, त्यामुळे ताप उतरेपर्यंत सगळ्याच गोळ्या बंद ठेवाव्यात असे घरात एकमताने ठरले. त्या एकमतात मीही होते. तिसऱ्या दिवशी पहाटे ती मोरीकडे जाताना भिंतीला धरून खाली बसली. अंग घामाने थंडगार, उलट्या चालू आणि रक्तदाब ८० वर ५०. तालुक्याच्या ठिकाणी नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी ताप किती आहे हे विचारण्याआधी विचारले की स्टिरॉइड किती वर्षांपासून चालू आहे आणि शेवटची गोळी कधी घेतली. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि सलाइन दिल्यावर तासाभरात ती मला हाक मारू लागली.

संसर्ग लघवीचाच होता आणि तो प्रतिजैविकांनी आठवड्याभरात बरा झाला. तिचा जीव धोक्यात आला तो संसर्गापेक्षा आम्ही घेतलेल्या निर्णयामुळे, हे मला अजून सलते. अकरा वर्षांत दर तीन महिन्यांनी रक्त तपासले गेले, पण ताप आल्यावर नेमके काय करायचे हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. ज्यांना हे आजार आहेत किंवा ज्यांच्या घरात ते आहेत, त्यांनी आपला अनुभव इथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे.

अवधान :

ताई, मी संधिवात विभागात काम करणारी डॉक्टर आहे. आपल्या आईच्या बाबतीत जे घडले ते आम्ही पावसाळ्यात वरचेवर पाहतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. इथे लिहिलेले सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. प्रत्येक रुग्णाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनीच करायचा आहे.

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड तयार करतात आणि ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी त्याचे प्रमाण कितीतरी वाढवतात. बाहेरून प्रेडनिसोलोन अनेक महिने मिळत राहिले की या ग्रंथी काम करणे सोडून देतात. अशा वेळी गोळी एकाएकी बंद केली, आणि तीही नेमकी तापात, तर शरीराजवळ स्वतःचे कॉर्टिसॉल नसते आणि गोळीतलेही नसते. मग रक्तदाब कोसळतो. म्हणून दीर्घकाळ चालू असलेले स्टिरॉइड संसर्गात कधीही अचानक थांबवायचे नाही. उलट काही दिवस त्याची मात्रा वाढवावी लागू शकते. किती वाढवायची ते आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट न पाहता इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा.

मिथोट्रेक्झेटचे नेमके उलटे आहे. ताप असेल किंवा प्रतिजैविके चालू असतील, तर त्या आठवड्याची मात्रा बहुतेक वेळा वगळतात आणि संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर पुन्हा सुरू करतात. एकदोन रविवार चुकल्याने सांधे लगेच बिघडत नाहीत. अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड, बायॉलॉजिक इंजेक्शने (प्रतिकारयंत्रणेतील ठराविक संदेश किंवा पेशी अडवणारी) आणि टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्या यांनाही गंभीर संसर्गात हाच नियम लागू होतो. लेफ्लुनोमाइड मात्र शरीरात फार काळ रेंगाळते. गोळी बंद केली म्हणजे परिणाम संपला असे होत नाही, आणि संसर्ग गंभीर असेल तर ते शरीराबाहेर काढण्यासाठी कोलेस्टिरामाइन द्यावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात, कारण त्याने संसर्गाचा धोका वाढत नाही.

आणखी एक गोष्ट. दोष केवळ औषधांचा नसतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर इथे आमवाताच्या ६०९ रुग्णांची त्याच भागातील आमवात नसलेल्या लोकांशी तुलना झाली होती, आणि त्यात रुग्णालयात दाखल करावे लागणाऱ्या संसर्गाचे प्रमाण आमवात असलेल्यांमध्ये सुमारे १.८ पट आढळले. तो काळ १९५५ ते १९९४ चा, म्हणजे बायॉलॉजिक इंजेक्शने येण्यापूर्वीचा होता. आजार धगधगत असला की प्रतिकारयंत्रणा भलत्याच ठिकाणी गुंतून पडते, फुप्फुसांवर परिणाम होतो, हालचाल कमी होते आणि स्टिरॉइडची मात्रा वाढत जाते. म्हणून भीतीपोटी मूळ औषध सोडून देणाऱ्याचा संसर्गाचा धोका कमी होत नाही. बहुधा तो वाढतोच.

प्राजक्त :

मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. निदान होऊन चौदा वर्षे झाली. अवधान यांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल जे लिहिले आहे त्याला मी अनुभवाने दुजोरा देते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये करोनावरचा उपाय म्हणून लोकांनी या गोळ्या घरात भरून ठेवल्या आणि आम्हाला त्या दुकानादुकानांत हिंडूनही मिळेनात. मी दोनशे मिलिग्रॅमची एक गोळी एक दिवसाआड घेऊन एकवीस दिवस काढले. त्यानंतर सांधे सुजले, तोंडात फोड आले आणि शेवटी स्टिरॉइड वाढवावे लागले. जे औषध धोका वाढवत नाही ते कमी झाले आणि जे वाढवते ते वाढले, ही त्या दिवसांची मोठी हानी होती.

ल्युपसमध्ये तापाचा अर्थ लावणे हेच सर्वांत अवघड काम आहे. ताप संसर्गाचा आहे की आजार उसळल्याचा? दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात. पहिली काही वर्षे मी स्वतःच निर्णय घेत असे आणि ताप आला की प्रेडनिसोलोन दुप्पट करत असे. एकदा तो ताप न्यूमोनियाचा निघाला आणि स्टिरॉइडच्या पडद्याआड तो पाच दिवस लपून राहिला होता. तापमापकावर ९९.५ च्या वर आकडा जात नव्हता, मात्र जिना चढताना मला धाप लागत होती.

अवधान :

प्राजक्त, आपण फार महत्त्वाचे लिहिले आहे. स्टिरॉइड ताप दाबते, त्यामुळे आकडा लहान म्हणून संसर्ग लहान असे मानू नये. टॉसिलिझुमॅब हे बायॉलॉजिक इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये तर सीआरपी हा रक्तातील दाहाचा निर्देशकसुद्धा सामान्य येऊ शकतो. यकृताला सीआरपी तयार करायला लावणारा इंटरल्युकिन-६ हा संदेशच ते इंजेक्शन अडवते, त्यामुळे चाचणीचा निकाल चांगला आला म्हणून निश्चिंत राहणे धोक्याचे ठरते.

ल्युपस उसळतो तेव्हा ईएसआर हा दाहाचा दुसरा निर्देशक वाढतो, पण सीआरपी अनेकदा फारसा वाढत नाही. जिवाणू संसर्गात तो चांगलाच वाढतो. अर्थात छातीच्या आवरणाला सूज असेल किंवा सांधे फार सुजले असतील तर नुसत्या ल्युपसनेही सीआरपी वाढतो. पांढऱ्या पेशी, रक्तातील कॉम्प्लिमेंट प्रथिने, ल्युपसमध्ये आढळणारी डीएस-डीएनए प्रतिपिंडे, लघवीतील प्रथिने आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलेले रक्ताचे कल्चर, हे सगळे एकत्र पाहिल्यावरच अंदाज बांधता येतो. टोरोंटोतील मरे उरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले होते की ल्युपसच्या रुग्णांचे लवकर होणारे मृत्यू सक्रिय आजार आणि संसर्ग यांमुळे होतात, तर उशिरा होणारे मृत्यू हृदयविकाराने. उपचार त्यानंतर पुष्कळ सुधारले, पण पहिल्या काही वर्षांतील संसर्गाची भीती अजूनही खरी आहे.

सांध्याबद्दलही असेच सांगायचे आहे. आमवाताच्या रुग्णाचे बाकीचे सांधे शांत असताना एकच सांधा एकाएकी लाल, गरम आणि असह्य दुखरा झाला, तर तो आमवाताचा झटका आहे असे गृहीत धरू नये. सांध्यात पू झालेला असू शकतो. सुईने पाणी काढून तपासल्याशिवाय त्या सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊ नये.

खलबत्ता :

मी औषधविक्रेता आहे, गेली वीस वर्षे दुकानात उभा आहे. माणगंगा ताईंना माझा एक नेमका प्रश्न आहे. आईंना लघवीच्या संसर्गासाठी कोणते प्रतिजैविक दिले होते?

विचारण्याचे कारण असे की को-ट्रायमॉक्साझोल हे स्वस्त आणि जुने औषध लघवीच्या संसर्गासाठी सर्रास लिहिले जाते. त्यातील ट्रायमेथोप्रिम आणि मिथोट्रेक्झेट ही दोन्ही औषधे शरीरातील फॉलिक अ‍ॅसिडच्या एकाच साखळीवर आघात करतात, आणि सोबतचा सल्फा घटक मूत्रपिंडातून मिथोट्रेक्झेट बाहेर पडण्याच्या आड येतो. दोन्ही एकत्र आली की अस्थिमज्जा दबते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, आणि ज्या संसर्गासाठी गोळी दिली त्याच्याशी लढायला शरीरात काही उरत नाही. दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असतात, बहुतेक वेळा दुकानेही वेगवेगळी असतात, आणि मिथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असल्यामुळे ‘रोज कोणती गोळी चालू आहे?’ या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे त्याचे नाव सांगत नाही. म्हणून मी प्रश्न बदलला आहे. ‘आठवड्यातून एकदा घ्यायची कोणती गोळी किंवा इंजेक्शन आहे का?’ असे मी प्रत्येक सांधेदुखीच्या रुग्णाला विचारतो.

मिथोट्रेक्झेट चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटनाही घडलेल्या आहेत. आईंचा रविवारचा कप्पा ही मोठी चांगली सवय आहे.

माणगंगा :

काका, आपला प्रश्न वाचून मी सगळी फाइल खाली घेतली. जुलैतले औषध वेगळे होते. पण आदल्या वर्षीच्या डिसेंबरमधील एक चिठ्ठी सापडली आणि तिच्यावर को-ट्रायमॉक्साझोल सात दिवस, दिवसातून दोनदा, असे लिहिलेले आहे. त्या महिन्यात आईच्या तोंडात इतके फोड आले होते की ती आमटीही गार करून, चमच्याने, कडेकडेने घेत असे. आम्ही त्याला उष्णता समजलो आणि सब्जाचे पाणी देत राहिलो. पुढच्या तिमाही तपासणीत पांढऱ्या पेशी २,९०० इतक्या कमी आल्या होत्या. त्या आकड्याखाली पेनाने रेघ मारलेली आहे, पण चिठ्ठी आणि ती रेघ यांचा संबंध आज प्रथमच लागला.

अवधान :

ताई, तोंडातील फोड हे मिथोट्रेक्झेटची विषबाधा सांगणारे अनेकदा पहिले लक्षण असते. हे कागद आपल्या संधिवाताच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

खलबत्ता यांच्या लिखाणात एक भर घालते, कारण वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये. हेच को-ट्रायमॉक्साझोल काही रुग्णांना आम्ही मुद्दाम, कमी मात्रेत, प्रतिबंधासाठी देतो. रोज १५ ते ३० मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन चार आठवड्यांपेक्षा जास्त चालणार असेल, आणि विशेषतः सोबत सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब यांसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध असेल, तर न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो या गोळीने टाळता येतो. ल्युपसच्या रुग्णांना मात्र सल्फाची अ‍ॅलर्जी इतरांपेक्षा अधिक आढळते, त्यामुळे तिथे आधी विचारपूस करावी लागते. एकच औषध एका रुग्णाला वाचवते आणि दुसऱ्याला धोक्यात घालते, तेव्हा चालू औषधांची यादी जवळ असणे हाच खरा बचाव आहे.

स्टिरॉइडबद्दलही हेच म्हणेन. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेक्सिव्हास या चाचणीत रक्तवाहिन्यांच्या गंभीर दाहाच्या ७०४ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या मात्रेत स्टिरॉइड दिले गेले आणि निम्म्यांना ते वेगाने कमी केले गेले. कमी मात्रेचा गट आजार आटोक्यात ठेवण्यात मागे पडला नाही, आणि पहिल्या वर्षातील गंभीर संसर्ग मात्र त्या गटात कमी झाले. म्हणून स्टिरॉइड अचानक बंद करू नका हे जितक्या आग्रहाने सांगते, तितक्याच आग्रहाने सांगते की ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, शक्य तितके कमी करत न्या. गावोगावी सांधेदुखीवर मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांमध्येही अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. ज्यांना त्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, त्यांनी तिच्याविषयी डॉक्टरांना न लाजता सांगावे.

कोयनाकाठ :

क्षयरोगाचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, आणि आपल्याकडे तो केल्याशिवाय हा विषय पुढे जाऊ शकत नाही. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात आहे. कंबर इतकी आखडली होती की सकाळी पायात मोजे घालायला मुलाला बोलवावे लागे. अडालिमुमॅब हे बायॉलॉजिक इंजेक्शन सुरू करण्याचे ठरले, तेव्हा छातीचा एक्स-रे काढला आणि हाताच्या पुढच्या भागावर मांटू या क्षयाच्या चाचणीची सुई दिली. नर्सने टोचल्या जागेभोवती निळ्या पेनाने गोल काढला आणि तीन दिवसांच्या आत परत यायला सांगितले. परत गेलो तेव्हा त्यांनी डोळे जवळजवळ मिटून बोटाने कडकपणा चाचपला आणि पट्टीने मोजला. चौदा मिलिमीटर. मला खोकला नव्हता, ताप नव्हता, घरात कोणाला कधी क्षय झाल्याचे ठाऊक नव्हते. तरीही इंजेक्शन एक महिना पुढे ढकलून आधी आयसोनियाझिड हे क्षयावरचे औषध सुरू केले आणि ते एकूण सहा महिने चालले. त्या एका महिन्यात मी डॉक्टरांवर मनातून फार रागावलो होतो, कारण वेदना माझ्या होत्या. आज चार वर्षे झाली, मोजे मीच घालतो आणि तो महिना वाया गेला असे मला वाटत नाही.

अवधान :

कोयनाकाठ, आपल्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे सुप्त असतात. पेशींची एक गाठ त्यांना कोंडून ठेवते, आणि ती गाठ टिकवून धरण्याचे काम टीएनएफ हे द्रव्य करते. अडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब टीएनएफला अडवतात, तेव्हा सांध्याची सूज ओसरते आणि त्याच वेळी त्या कोंडवाड्याची भिंतही ढासळते. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४८ जणांना पहिल्या तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच आजार झाला होता, आणि ४० जणांना फुप्फुसांबाहेरचा क्षय होता. यातला दुसरा आकडा कृपया लक्षात ठेवावा. खोकला नाही म्हणजे क्षय नाही, असे या रुग्णांत म्हणता येत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, मानेतील गाठ किंवा पोटात साठणारे पाणी यांपैकी काहीही असले तरी तपासणी हवी.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे सुरुवातीची चाचणी निर्दोष आली तरी पुढे नव्याने लागण होऊ शकते. प्रतिकारशक्ती दबलेल्या व्यक्तीत मांटूचा पाच मिलिमीटरचा कडकपणाही आम्ही होकारार्थी धरतो. स्टिरॉइड घेणाऱ्यांत चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते, म्हणून अनेकदा इग्रा ही रक्तचाचणीही करतो. बायॉलॉजिकपूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणीही अशीच आवश्यक आहे, विशेषतः रिटुक्सिमॅबपूर्वी. त्या औषधाने यकृतात दडलेला विषाणू पुन्हा उसळून जीवघेणी कावीळ झालेली आहे.

टेम्सकाठ :

मी मूळची सांगलीची, सध्या लंडनला असते. मला आमवात आहे. इथे दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना एक कार्ड देतात. २०२० पासून सुरू झालेले हे कार्ड पाकिटात असते आणि ‘ही व्यक्ती स्टिरॉइडवर अवलंबून आहे, आणीबाणीत हायड्रोकॉर्टिसोन द्या’ असे त्यावर मात्रेसह छापलेले असते. माणगंगा ताईंच्या आईंसाठी असे कार्ड मराठी आणि इंग्रजी दोन्हींत घरीच करता येईल.

मला लसींबद्दल विचारायचे आहे. भारतात आईवडिलांना भेटायला येते तेव्हा नातेवाईक सांगतात की या आजारात लस घेतली तर आजार उसळतो. इथल्या डॉक्टरांनी मला नागिणीची लस आग्रहाने दिली. माझ्या मावशीला टोफासिटिनिब चालू असताना कमरेवर नागीण उठली होती. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, या भीतीने घरच्यांनी आठ दिवस मांत्रिकाकडून लेप लावून घेतला. फोड सुकले, पण त्या पट्ट्यातील आग दोन वर्षांनंतरही गेलेली नाही. साडीच्या निऱ्यांचा स्पर्शही तिला सहन होत नाही.

अवधान :

आपल्या मावशींबद्दल वाचून वाईट वाटले. नागीण म्हणजे बालपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून असतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की त्या मज्जातंतूच्या पट्ट्यात उठतो. टोफासिटिनिबच्या गटातील औषधांनी हा धोका ठळकपणे वाढतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर सुरू करणे महत्त्वाचे असते. लेपात गेलेले आठ दिवस त्या दृष्टीने फार मोठे होते. नागिणीची जी नवी लस आहे तिच्यात जिवंत विषाणू नसतो, ती दोन मात्रांत देतात आणि २०२३ पासून भारतातही मिळते. महाग आहे, हे मान्य करावे लागेल.

फ्लू (इंजेक्शनची), न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा एक जिवाणू) आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसीही निर्जीव घटकांच्या असल्याने या रुग्णांना चालतात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लसी जिवंत असतात. त्या प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना सहसा देत नाहीत. रिटुक्सिमॅबनंतर अनेक महिने लसीला शरीर नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून शक्य असेल तर लस आधी घ्यावी आणि पुढचे इंजेक्शन तिच्यानंतर निदान दोन आठवड्यांनी घ्यावे.

माणगंगा :

सर्वांचे मनापासून आभार. टेम्सकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मी आजाराचे नाव, औषधांची नावे, ‘मिथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच’, ‘को-ट्रायमॉक्साझोल देऊ नये’ आणि ‘प्रेडनिसोलोन थांबवू नये, उलट्या असल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन’ असे लिहिले आणि आमच्या डॉक्टरांकडून प्रत्येक ओळ तपासून त्यावर सही घेतली. तापात प्रेडनिसोलोनची मात्रा किती वाढवायची तो आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. एक प्रत गोळ्यांच्या डब्याखाली आहे, दुसरी आईच्या बटव्यात आणि तिसरी शेजारच्या काकूंकडे.

एक प्रश्न उरला आहे. पावसाळ्याआधी तिला फ्लूची लस द्यायची ठरली आहे. त्यासाठी मिथोट्रेक्झेट थांबवायचे का?

अवधान :

सांधे शांत असतील तर लस घेतल्यानंतरचे दोन आठवडे मिथोट्रेक्झेट वगळावे; त्याने लसीचा प्रतिसाद सुधारतो, हे अभ्यासांत दिसले आहे. मात्र त्यासाठी लस पुढे ढकलत बसू नये. सांधे सुजलेले असतील तर डॉक्टरांना विचारून मिथोट्रेक्झेट चालू ठेवूनही लस घेता येते. प्रेडनिसोलोन नेहमीप्रमाणे रोज.

माणगंगा :

लस शनिवारी घेतली. दंड एक दिवस दुखला, ताप आला नाही. आईने या आठवड्याचा डबा भरताना रविवारच्या कप्प्यात फक्त सकाळची पांढरी गोळी टाकली आणि पिवळ्या गोळ्यांच्या पट्टीला रबर लावून, पुन्हा सुरू करण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यात खोचून ठेवली.